शुक्रवारी साडेचारनंतरच्या नकला

आमच्या कार्यालयात वहिनींना कोणी त्रास दिला नाही. त्रास नव्हता, पण हसणंही नव्हतं, आणि तीच अडचण होती.

त्यांचा नवरा, म्हणजे माझा मित्र, बरीच वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. नांदेडच्या आमच्या लेखा शाखेत हसण्याचा आवाज झाला की तो कोणत्या टेबलापासून सुरू झाला असेल, हे साहेबांना केबिनमध्ये बसूनही कळायचं. एका सकाळी छातीत दुखायला लागलं आणि तो गेला. कागदपत्रं पुरी व्हायला दोन वर्षं लागली. मग वहिनी अनुकंपेवर लिपिक म्हणून रुजू झाल्या. रिकामं टेबल एकच होतं, त्यामुळे त्याचंच त्यांना मिळालं.

तेव्हापासून शाखा गप्प झाली. वहिनी आत आल्या की चाललेली गोष्ट अर्ध्यात थांबायची. दुपारी डबे उघडले की लोक पाऊस आणि सोयाबीनचा भाव, एवढ्यावरच बोलायचे. त्यांना ‘वहिनी’ म्हणावं की ‘मॅडम’, हेही ठरत नव्हतं, म्हणून बरेच जण हाकच मारत नव्हते. सगळ्यांचा हेतू चांगला होता. त्याच्या बायकोसमोर हसायचं कसं, एवढंच कोणाला सुचत नव्हतं.

एका रविवारी त्या आमच्या घरी आल्या आणि माझ्या बायकोजवळ बोलल्या, “महिनाअखेरपर्यंत बघते, मग लातूरला आईकडं जाते. ऑफिसात मी सगळ्यांना जड होऊन राहिले.” त्या गेल्यावर बायकोने मला हे सांगितलं. मी हिशेबी माणूस, पहिला विचार हिशेबाचाच आला. अनुकंपेची नोकरी घराला एकदाच मिळते, सोडली की संपली. मुलगा नववीत. लातूरला माहेर आहे, पण माहेरात पगार नाही. हे सगळं मी त्यांना समजावू शकलो असतो. त्यांनी ऐकलंही असतं, आणि पुढची वीस वर्षं मान खाली घालून त्याच टेबलावर काढली असती. म्हणून मी काही बोललो नाही.

त्याच महिन्यात नवे साहेब आले. वयाने आमच्यापेक्षा लहान. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांनी ऐकलं होतं की कर्मचाऱ्यांनी एकत्र खेळावं. त्यांनी ठरवलं की शुक्रवारी नमाजहून मंडळी परत आल्यावर हातातली कामं उरकायची, आणि साडेचारनंतर खेळ. आस्थापना शाखेतून लगेच विचारणा झाली की ही वेळ कामाची धरायची की सुट्टीची. साहेब म्हणाले, “खेळाची धरा.”

मी एकटाच केबिनमध्ये गेलो. म्हटलं, “साहेब, वहिनींना यातून वगळा. त्यांना अवघड होईल.”

“आणि पुढच्या वेळी?”

“पुढच्या वेळीही.”

“म्हणजे त्या कायमच्या बाहेर,” साहेब म्हणाले. वगळणं राहिलंच. गुण लिहायचं काम मात्र माझ्याकडे आलं. लेखा आणि आस्थापना अशा दोन बाजू होत्या, आणि दोघांनाही माझीच बेरीज चालत होती.

सुरुवात संगीत खुर्चीने झाली. आवक-जावक बघणारे आमचे चाचा, शाखेतले सगळ्यात जुने, पहिल्याच फेरीत बाद झाले. “गाणंच असं लावलं की ऐकत राहावं वाटलं,” म्हणाले. मग चिठ्ठ्यांचा खेळ. डब्यातून चिठ्ठी काढायची आणि त्यात लिहिलेलं करून दाखवायचं. आस्थापनेच्या एकाने चिठ्ठी वाचली आणि सवयीने कोपऱ्यात तारीख टाकून सही करून पुढच्याकडे सरकवली. पुढच्यानेही सही केली. साहेब ओरडले, “अहो, ती फाईल नाही! नाचायचं लिहिलंय त्यात!”

सगळे हसले, आणि लगेच दोन-तीन जणांनी वहिनींकडे बघून तोंड मिटलं. त्या खाली बघत होत्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

त्यांची पाळी आली. चिठ्ठीत लिहिलं होतं, शाखेतल्या कोणाचीही नक्कल करा, बाकीच्यांनी ओळखायचं. मी उठून म्हणणारच होतो की राहू द्या. तेवढ्यात त्या उभ्या राहिल्या.

मुठीत शिक्का धरल्यासारखा हात तोंडाजवळ नेला. “हाः” करून त्यावर वाफ सोडली. ठप्प. मग मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून, उमटलं का ते पाहिलं.

“चाचा!” चार-पाच जण एकदम ओरडले.

वहिनी थांबल्या नाहीत. त्या माझ्या खुर्चीजवळ आल्या. मनगटावरून घड्याळ काढल्याचं केलं, टेबलावर सरळ ठेवलं, जरा वाकडं वाटलं म्हणून पुन्हा सरळ केलं. मग बोट वरून खाली नेत ओठ हलवले, आणि खालून वर नेत पुन्हा हलवले. शेवटी चष्म्यावरून सगळ्यांकडे असं पाहिलं, की बेरीज चुकली असेल तर ती तुमचीच.

कोणी नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरज नव्हती. पण मी घड्याळ वापरणं सोडून तीन वर्षं झाली होती. वहिनी रुजू झाल्या तेव्हा माझ्या मनगटावर काहीच नव्हतं. हे आधी चाचांच्या लक्षात आलं.

“अरे,” ते हळूच म्हणाले, “ही तर त्याची नक्कल हाय. त्यानंच केलेली.”

मला वाटलं, झालं, आता त्या रडतील आणि सोमवारी येणार नाहीत.

वहिनी म्हणाल्या, “रोज घरी आले की करून दाखवायचे. चहा निवायचा, पण यांच्या नकला संपायच्या न्हाईत. मी तुम्हा सगळ्यांना आधीपासून ओळखते. ते म्हणायचे, आमच्याकडं दिवसभर हसणं चालतं. इथं आले तर कोणी हसतच नव्हतं. मला वाटलं, मीच नको आहे तुम्हाला.”

“तोबा!” चाचा उठले. “अहो, आम्ही तर तुम्हालाच भिऊन राहिलो होतो!” आणि मग कंबरेवर हात ठेवून म्हणाले, “पण मी एक डोळा बारीक करतो? खोटं हाय हे. साफ खोटं.”

“करता,” सगळी शाखा म्हणाली. त्यानंतर जे हसू झालं ते वहिनी रुजू झाल्यापासूनचं साठलेलं असावं. वहिनीही हसत होत्या, पदराने डोळे पुसत.

पुढे खेळ राहिलाच नाही. त्यांच्या टेबलाभोवती गर्दी झाली. “वहिनी, मला कसं करायचे?” “वहिनी, माझं?” हाक कशी मारायची, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. आस्थापनेच्या बाई म्हणाल्या, “माझी केली असेल तर सांगू नका,” आणि तिथेच उभ्या राहिल्या. गुणांचा कागद माझ्या हातात तसाच होता. मी तो घडी करून खिशात टाकला.

साहेब मागे एकटे उभे होते. ते या शाखेत नवे. माझ्या मित्राने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. जरा रुसल्यासारखे म्हणाले, “म्हणजे माझी नक्कल कोणाकडेच नाही.”

वहिनींनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, ते उभे कसे राहतात, हात कुठे ठेवतात.

“तुमची मलाच बसवावी लागेल, साहेब,” त्या म्हणाल्या. “घाई करू नका. सहा-आठ महिने तरी लागतील.”