खाली झुकवलेला दिवा
परवा शेजाऱ्यांनी जुन्या मोटारसायकलला पांढरा बल्ब लावला आणि सगळी गल्ली लख्ख झाली, तेव्हा मला कोडोलीच्या रस्त्यावरची एक पहाट आठवली. त्या वेळी पहिल्या पाळीला जायला मी अंधारातच घर सोडायचो. थंडीत उसावरचं धुकं रस्त्यावर उतरायचं आणि माझ्या गाडीचा पिवळट उजेड चार पावलांपुढे जायचा नाही. भारीतला दिवा परवडणारा नव्हता, म्हणून स्वस्तातला एलईडी बल्ब आणून मीच बसवला. दुसऱ्याच दिवशी समोरून येणारा एक दूधवाला त्या झोताने दिपला आणि सायकलसकट कडेच्या उसात गेला. मी गाडी थांबवून धावलो. त्याचं कोपर सोललं होतं आणि किटलीतलं धारोष्ण दूध वाफा सोडत मातीत जिरत होतं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "पावणं, तुमास्नी दिसाय पायजे हे खरं, पर त्यासाठी आमी आंधळं व्हायचं व्हय?" मग त्याने माझ्याकडून पाना मागून घेतला, हेडलाइटचा नट सैल केला आणि दिवा बोटभर खाली झुकवला. "आता बगा की," तो म्हणाला. उजेड सरळ रस्त्यावर पडला होता, त्यात पुढचे खड्डेही दिसत होते. रिकामी किटली हँडलला अडकवून तो निघून गेला. त्यानंतर मी दोन गाड्या बदलल्या. प्रत्येक गाडी आणली की आधी भिंतीसमोर उभी करतो आणि दिव्याची उंची बघतो. त्या सकाळी कुणाच्या घरी दूध पोचलं नाही, हे मात्र मी त्याला विचारलंच नाही.