सगळ्यांना सारखा उजेड

घरातलं वयस्कर माणूस म्हणालं, ‘मला कमी दिसतंय,’ तर तुम्ही आधी काय तपासता, माणूस की बल्ब? आम्ही बल्ब तपासला. पाच महिने तपासत राहिलो. तेवढ्या काळात माझ्या आत्याची जी नजर गेली, ती आता परत येणार नाही. उरलेली किती, हे तिला तोंडावर विचारायची माझी हिंमत होत नाही. मी डॉक्टरांच्या कागदावर वाचते.

अमरावतीचं आमचं घर पत्रकांचं. बाबा शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. हुंडा, जात, अंगात येणं, नळाचं पाणी, सगळ्यावर. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, मी नववीत असताना आमच्याकडे राहायला आली. तिचा नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. अकोल्याजवळ त्यांची शेवंती-झेंडूची वाडी होती आणि तिने जन्मभर फुलं तोडून हार गुंफले होते. आमच्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी पत्रकांच्या घड्या घालायला बसली. दर महिन्याला ती एकटी एसटीने अकोल्याला दिराकडे जायची, वाडीवर चक्कर मारून दोन दिवसांनी परत यायची. कोणी सोडायला येतो म्हटलं तर म्हणायची, “मी काय पार्सल हाओ का?”

आमच्या घरात रविवारी सकाळी बैठक होते. भाजी कोणी आणायची इथपासून कोणत्या मोर्चाला जायचं इथपर्यंत सगळं हात वर करून ठरतं आणि वहीत लिहिलं जातं. ठराव झाला की कुरकुर नाही, हा बाबांचा नियम. मला या बैठकीचा फार अभिमान होता. मैत्रिणींच्या घरी बाप बोलेल ते होतं, आमच्याकडे मतदान होतं, असं मी सांगत फिरायचे.

गेल्या वर्षी घरातली जुनी वायरिंग बदलली, तेव्हा तिन्ही बेडरूमला स्मार्ट डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी बटणं, बसवायची कल्पना माझी. बाबांची अर्धशिशी वाढली होती आणि संध्याकाळी झगझगीत उजेड त्यांना सोसत नव्हता. वायरमनने बटणं बसवून दिली. ती जोडायचं काम मी केलं. फोनवरच्या ॲपमध्ये मी तिन्ही डिमर एका गटात बांधले. गट झाला की एका खोलीतला डिमर फिरवला तरी तिन्ही खोल्यांचे दिवे बरोबरीने वर-खाली होतात.

गरज होती फक्त बाबांच्या खोलीची. त्यांचा एकट्याचा डिमर कमी ठेवला असता तर भागलं असतं. पण मी रविवारी बैठकीत भाषण ठोकलं. एकाच छपराखाली एका खोलीत झगमगाट आणि दुसरीत मिणमिण, ही विषमता आपण कशी चालवून घेतो? वीज सगळ्यांची, तर उजेडही सगळ्यांना सारखा हवा. संध्याकाळी सातनंतर तिन्ही खोल्या चाळीस टक्क्यांवर. बाबांना माझं बोलणं आवडलं, त्यांचे डोळे चमकले. आईने हात वर केला. आत्याने सगळ्यांत शेवटी केला.

“तुमच्या घरी लाईटले बी बहुमत लागते का वं?” ती म्हणाली.

“लागतं, आत्या. लोकशाही आहे.”

“असू दे बाप्पा. हात वर कराले माह्यं काय जाते?”

महिन्याभरात तिची विचारणा सुरू झाली. “कोनं कमी केला लाईट?” मी फोन काढून बघायचे आणि आकडा वाचून दाखवायचे, “चाळीसच आहे, आत्या.” कधी खरोखरच बाबांनी डोकं दुखतंय म्हणून वीसवर आणलेला असायचा, आणि मग तिच्या खोलीतही वीसच व्हायचा. त्यामुळे ती विचारते त्यात कोणाला नवल वाटलं नाही. ती निवडलेल्या मेथीत गवताची काडी यायला लागली. उजवा खांदा चौकटीला आपटायला लागला. पत्रकांच्या घड्या तिरप्या पडायला लागल्या. मी त्या गुपचूप उलगडून पुन्हा घालायचे आणि स्वतःला समजूतदार समजायचे.

एका संध्याकाळी तिने वैतागून आपल्या खोलीचा डिमर पूर्ण वर फिरवला. पलीकडे बाबा डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडले होते, त्यांच्या डोक्यावर दिवा भक्कन पेटला. ते ओरडले, आई धावली. त्या रविवारी वही माझ्या हातात होती. मी नाव न घेता वाचलं, “या आठवड्यात उजेडाच्या ठरावाचा एकदा भंग झाला.”

“नाव घे ना,” आत्या म्हणाली. “मीच केलं. मले सुईत दोरा दिसून नाही राहिला होता. आता नाही लावत हात.”

मी ते लिहून घेतलं. ‘दिसून नाही राहिला’ हे शब्द माझ्या अक्षरात त्या वहीत आहेत. मी त्यापुढे टिंब दिलं आणि पुढचा विषय घेतला. त्यानंतर तिने त्या बटणाला हात लावला नाही आणि लाईट कोणी कमी केला हे विचारणंही सोडलं. आम्हाला वाटलं, सवय झाली.

साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, आम्ही अकोल्याला गेलो, तिच्या दिराच्या नातीच्या. दुपार कलली होती. आतल्या खोलीत बायका गजरे गुंफत बसल्या होत्या आणि आत्या मधोमध बसली होती, कारण या कामात तिचा मान पहिला. वर ट्यूबलाईट लागलेली होती. आत्याने मान वर केली आणि सहज विचारलं, “कोनं कमी केला वं लाईट?”

तिची जाऊ फसकन हसली. “अवो बाई, हे ट्यूब हाय! हे लागते, नाही तं इझते. कमी कशी होईन?”

“अमरावतीले राहून बाईचं डोकं स्मार्ट झालं,” दुसरी कोणीतरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. आत्याही हसली. माझ्या हातातली कळी तशीच राहिली. मी तिच्यासमोर जाऊन बसले, तिचा डावा डोळा माझ्या तळहाताने झाकला आणि विचारलं, “आत्या, मी दिसते का?”

तिने माझं मनगट चाचपलं. मग हळूच म्हणाली, “हात काढ पोरी. अंधार होते.”

दुसऱ्या दिवशी अकोल्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून आतली शीर मरत जाते, दुखत नाही, कडेने अंधारत येतं, आणि एक डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो, असं त्यांनी समजावलं. गेलं ते परत येत नाही, आहे ते औषधाने जपता येतं. मग त्यांनी विचारलं, “इतके दिवस काही जाणवलं नाही का आजी?”

“जाणवत होतं ना साहेब,” ती म्हणाली. “पन घरी लाईट कमी होता.”

तिने आमची बाजू घेतली की साधं उत्तर दिलं, मला अजून कळलेलं नाही. घरी आल्याबरोबर मी ॲप उघडून गट मोडला. बाबा सवयीने म्हणाले, “ठराव रद्द करायला बैठक...” आणि वाक्य अर्ध्यावर सोडून खोलीत निघून गेले. त्यांनी आयुष्यभर लिहिलं की ज्याला बोलता येत नाही त्याचं आधी ऐका. मी ते तोंडपाठ केलं होतं. आमच्या घरात बोलता येणारं माणूस तीन वेळा, दहा वेळा बोललं आणि आम्ही त्याला आकडा वाचून दाखवला.

आता तिचा दिवा तिच्या एकटीच्या हाती आहे. ती तो फारसा लावत नाही. “वीज काहून जाळते?” म्हणते. अकोल्याला ती एकटी जात नाही. गेल्या महिन्यात मी सोडायला येते म्हटलं, तेव्हा ती चिडली नाही, ‘ये’ म्हणाली. ते ऐकायला मला बरं वाटलं नाही. सकाळ-संध्याकाळ मी तिच्या डोळ्यांत थेंब घालते. ती वर छताकडे बघते, आणि तिला तिथे काय दिसतं ते मी विचारत नाही.

माझं एक काम करा. आज घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला उजेडात समोर बसवा. एक डोळा झाकून काय दिसतं ते सांगायला लावा, मग दुसरा. दोन्ही सारखे असले तरी तेवढ्यावर थांबू नका. या आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि डोळ्यातला दाब मोजून घ्या. ते नको म्हणतील, कशाला खर्च म्हणतील. तरी न्या.