पल्याडच्या मावशींच्या न वाळणाऱ्या मिरच्या

परभणी जिल्ह्यात आमच्या पल्याडच्या मावशींपेक्षा कबड्डी जास्त कळणारं माणूस असेलही, पण ते मला अजून भेटलेलं नाही, आणि कधी भेटलंच तर मावशी त्याला पहिल्या चढाईतच बाद करतील. पल्याडच्या म्हणजे आमच्या भिंतीच्या पल्याडच्या. दोन घरांना मिळून एकच माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, मध्ये वीतभर मातीचा बांध. त्या बांधाच्या पलीकडे मावशी आणि अलीकडे मी, अशी आमची जागा ठरलेली. नवल असं की एवढी कबड्डी कळणाऱ्या या बाईनं जन्मात कधी मैदानात पाय ठेवला नव्हता. शाळेमागचं मैदान आमच्या माळवदाच्या अगदी खाली येतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मावशींनी जे काही शिकून घेतलं ते तिथूनच, वरून.

आमच्या गावात बाईमाणसानं मैदानाच्या कडेला जाऊन बसायची रीत नाही. कुणी बंदी घातली आहे असंही नाही. पण हातात काम नसताना बाई नुसती बसलेली दिसली की लोकांच्या डोळ्यात खुपतं. म्हणून संक्रांतीच्या सुमाराला स्पर्धा लागल्या की आमच्या घरांच्या ओळीतल्या सगळ्या बायकांना माळवदावर एकाएकी कामं निघायची. कुणी केस वाळवायला यायची, कुणी गोधडी उन्हात टाकायला, कुणी आधीच निवडलेली ज्वारी पुन्हा निवडायला. मावशी सूपभर लाल मिरच्या घेऊन चढायच्या. त्या मिरच्या पहिल्याच दिवशी कडकडीत वाळायच्या, आणि स्पर्धा तर अजून बाकी असायची. मग संध्याकाळी खाली उतरायच्या आधी मावशी ओंजळभर पाणी घेऊन त्यांच्यावर शिंपडायच्या, की दुसऱ्या दिवशीची सोय झाली. असं करून करून त्या मिरच्यांचं तिखट कधी झालंच नाही. मावशींच्या घरची भाजी स्पर्धेच्या दिवसांत आमच्या डब्यातल्या तिखटावर चालायची. त्यांचे मालक, ज्यांना सगळी ओळ मावसाजी म्हणते, फार शांत माणूस. सुपात हात घालून दोन मिरच्या चाचपून म्हणायचे, "यंदा मिरचीनं ओल लय धरलीय." मावशी म्हणायच्या, "हवाच तशी हाय." मावसाजी मान हलवून निघून जायचे आणि मी बांधाच्या अलीकडे तोंडाला पदर लावायची.

खेळ बघताना मावशींच्या शेजारी बसणं सोपं नाही. खालच्या पोरानं चढाईला पाय टाकला की या इकडे श्वास धरायच्या आणि ओठातल्या ओठात कबड्डी कबड्डी सुरू करायच्या. पोरगं परत येईपर्यंत यांचा चेहरा सुपातल्या मिरचीसारखा व्हायचा. एकदा समोरच्या संघानं आपल्या पोराला कोपऱ्यात धरलं. ते पोरगं रेषेकडे सरपटायला लागलं, तशी मावशींनी माझं मनगट धरलं आणि पोरगं सुटेपर्यंत सोडलं नाही. पोराचं बोट रेषेला लागलं, माझ्या हातातल्या बांगड्या फुटल्या. "लागल्यात का गं," त्यांनी विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच सांगितलं, "तीन जण बाद झाले बघ." तेव्हापासून स्पर्धा लागली की मी काचेच्या बांगड्या काढून ठेवते. पंच चुकला तर त्याचाही उद्धार वरूनच व्हायचा. तो बिचारा मान वर करून बघायचा, तर वर फक्त गोधड्या वाळत असायच्या आणि त्यांच्यामागे सगळी ओळ खाली मुंडी घालून कामाला लागलेली असायची.

मग गावाला स्टेडियम मंजूर झालं, आणि ते कुठं बांधायचं यावरून गावाला दुसरं काही सुचेना. आमच्याकडे दोन संघ आहेत, एक वेशीतला आणि एक स्टेशनचा. ते मैदानात भांडतात तेवढं पुरत नाही म्हणून त्यांची माणसं रोज सकाळी मावशींच्या घराला लागून असलेल्या किराणा दुकानाच्या ओट्यावर जमायची. दुकानदार स्टेशनच्या संघाचा. त्याचं म्हणणं, स्टेडियम स्टेशनजवळच पाहिजे, परभणीकडचे खेळाडू पिंगळी मागं टाकून आले की गाडीतून उतरून सरळ मैदानात. निवृत्त झालेले एक गुरुजी होते, ते हमरस्त्याच्या गायरानाचा हट्ट धरून बसलेले. उद्या गंगाखेडचे संघ येतील, झरीचे येतील, त्यांच्या जीपा काय आपल्या बोळात लावणार, असं ते विचारायचे. वेशीतली पोरं म्हणायची, आहे तिथं शाळेमागंच बांधा, आमच्या बापांनी तिथं गुडघे फोडून घेतले आहेत. कागदावर नसलेल्या स्टेडियमची दारं कुठल्या दिशेला असावीत यावरून दोन मित्रांनी महिनाभर एकमेकांकडे दाढी केली नाही, आणि त्यातला एक तर गावचा न्हावी होता.

या सगळ्या चर्चेत मावशी होत्याच, फक्त वर होत्या. ओट्याच्या डोक्यावर माळवदाची कड येते. खाली कुणी भलतं बोललं की वरून एक मिरची पडायची. दुकानदारानं स्टेशनची बाजू मांडली की टपकन त्याच्या टोपीवर मिरची, आणि मागोमाग आवाज, "गाडी शिट्टी मारायली की पोराचा दम पंचाला ऐकू येईल का रे लेका?" दुकानदार मिरची उचलून बरणीत टाकायचा आणि म्हणायचा, मावशी, अजून चार टाका, बोहणी होऊ द्या. कालव्याकडची जागा कुणीतरी काढली तर मावशींनी सांगितलं, ती काळी जमीन हाय, उन्हाळ्यात भेगात पाय जाऊन पोरांचे घोटे मोडतील. त्यांचं म्हणणं खरं असायचं, त्यामुळे माणसं नुसती हसायची नाहीत, ऐकूनही घ्यायची. पण खरी गोष्ट मला ठाऊक होती. दम, भेगा, शिट्टी हे सगळं वरवरचं. मावशींचं एकच म्हणणं होतं, स्टेडियम शाळेमागंच व्हावं. कारण ते दुसरीकडे गेलं की आमचं माळवद रिकामं, आणि मावशींची कबड्डी संपली.

ग्रामसभेला त्या मला ओढून घेऊन गेल्या. बायका मागं बसल्या होत्या. गुरुजींनी गायरानाचा नकाशा भिंतीला लावला. रस्ता रुंद, जागा मोकळी, पायऱ्या दोन्ही बाजूंनी, सगळ्यांच्या माना हलायला लागल्या. तेवढ्यात मावशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "तिथं माळवद कुणाचं हाय?"

लोक हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की मावशी, माळवदाची गरजच नाही, महिलांसाठी वेगळ्या पायऱ्या आहेत, वर पत्र्याची सावली आहे, ऐटीत बसून खेळ बघा.

"ऐटीतच बसता येत न्हाई, गुरुजी," मावशी म्हणाल्या. "माळवदावर मी मिरच्या वाळवायला जाते. खेळ आपला दिसतो. तिथं मी काय करायला आले म्हणून सांगू?"

माझ्या मनात होतं की आपणही उठावं, मावशी खरं बोलायल्यात एवढं तरी म्हणावं. पण माझा आवाज माळवदावरून कधी खाली गेलेला नव्हता, तो तिथंही गेला नाही. गायरानाच्या बाजूनं हात वर झाले आणि ठराव झाला.

स्टेडियम झालंही लवकर. पहिल्या स्पर्धेच्या दिवशी सगळी माणसं तिकडं गेली, आणि आम्ही दोघी सवयीनं माळवदावर चढलो. खाली शाळेमागं एक गाढव उभं होतं. दूर गायरानाकडून मधूनच आरडाओरडा ऐकू यायचा. मावशी कान देऊन बसल्या. ओरडा आला की त्या श्वास धरायच्या, पण पोरगं चढाईवरून परत आलं की नाही तेच कळायचं नाही, त्यामुळे सोडायचा कधी तेही कळायचं नाही. शेवटी खोकल्याची उबळ आली तशी त्या म्हणाल्या, "कुणासाठी ओरडायलेत काय कळंना गं." त्या दिवशी त्यांनी मिरच्यांवर पाणी शिंपडलं नाही. सूप उचललं आणि खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावसाजी बाहेर आले. या माणसाचा चढलेला आवाज मी आमच्या घरातसुद्धा कधी ऐकला नव्हता, भिंतीला भिंत असून. ते दुकानाच्या ओट्यापुढं उभे राहिले आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आपल्या माळवदाला ऊन राहिलं न्हाई. स्टेडियमच्या पायऱ्यांवर ऊन लय कडक पडतं म्हणं. मिरच्या तिकडं न्याव्या लागतील." मग त्यांनी सायकल काढली, मागच्या कॅरिअरला सूप बांधलं आणि पुढं चालायला लागले. मावशी दारात उभ्याच होत्या. इतकी वर्षं हवेला नावं ठेवत आलेल्या या बाईनं पायात चपला घातल्या. आणि मला म्हणाल्या, "तुझी पण गोधडी घे."

महिलांच्या पायऱ्यांवर तोपर्यंत कुणी पाऊलही टाकलं नव्हतं. मावशींनी पत्र्याची सावली सोडून उन्हातली पायरी पकडली आणि त्यावर मिरच्या पसरल्या. मी शेजारी गोधडी टाकली. मध्यंतरापर्यंत न्हालेले केस आले, ज्वारी आली, कुणी तर शेवया घेऊन आली. दुकानदार समोरच्या बाजूनं ओरडला की मावशी, इथवर मिरची पोचते का बघा. मावशींनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्या पहिल्यांदाच मैदान समोरून बघत होत्या. खेळाडूंच्या गुडघ्यांवरचे ओरखडे, पंचाची पिकलेली मिशी, सगळं दिसत होतं. परत येताना मी विचारलं, कसं वाटलं. त्या म्हणाल्या, "माणसं चांगली दिसली. पण खेळ वरून दिसतो."

आता आमच्या पोरी स्टेडियमवर रिकाम्या हातानं जातात, मोबाईल घेऊन पहिल्या पायरीवर बसतात आणि पंचाला तोंडावर बोलतात. त्यांना गोधडीची गोष्ट सांगितली तर खोटी वाटते. मावशींनी मात्र सूप कधी सोडलं नाही. पायऱ्या चढताना मावसाजी सूप धरायचे आणि दर वर्षी म्हणायचे की मिरचीनं ओल लय धरलीय, आणि दोघंही हसायची नाहीत.

यंदा मावशींच्या गुडघ्यांनी पार माघार घेतली. पायऱ्या राहू द्या, उंबरा ओलांडायला त्यांना माझा हात लागतो. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मी एकटीच गेले, त्यांचं सूप घेऊन. त्यांच्या पायरीवर मिरच्या पसरल्या. गर्दी खूप होती, पण तेवढी जागा कुणी मागितली नाही. संध्याकाळी परत आले तर मावशी अंगणात बाजेवर वाट बघत बसलेल्या. कोण जिंकलं एवढ्यावर त्या ऐकणाऱ्या नव्हत्या. मला चुलीतल्या राखेनं अंगणात रेषा ओढायला लावली, आणि शेवटची चढाई कशी झाली ते करून दाखव म्हणाल्या. मावसाजी दारातून बघत होते, शेजारची दोन माणसं थांबली होती, तरी मी पदर खोचला आणि दाखवली. अर्ध्यात मावशींनी थांबवलं. "मागचा पाय उचल. बोनस असा घेतात व्हय?" मी मागचा पाय उचलला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. दम धरायचं काम मात्र मला पडलं नाही, बाजेवरून ते चालूच होतं.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी सूप जवळ ओढलं, दोन मिरच्या चाचपल्या आणि मावसाजींकडे न बघता म्हणाल्या, "अजून ओल्याच हायत. उद्या परत न्याव्या लागतील पोरी."

मिरच्या इतक्या वाळल्या होत्या की सूप हलवलं तरी वाजत होत्या. मी रांजणाकडे गेले, ओंजळभर पाणी घेतलं आणि त्यांच्यावर शिंपडलं.