काठीपाशी रोजची ओळख

आमच्या सांगलीच्या घरात मागची खोली भाड्यानं घेतलेल्या डॉक्टरांना गल्ली उंदीरवाले म्हणायची. मेडिकल कॉलेजात ते मज्जातंतूंवर संशोधन करत. मज्जातंतू वाढवणारा पदार्थ नर उंदराच्या लाळग्रंथीत भरपूर असतो, मादीच्या फार कमी. म्हणून हळदीच्या वखारीत सापडलेला प्रत्येक उंदीर ते शेपटीला धरून उचलत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "बाई आहेत. सोडा यांना."

"आवं डाक्टर, उंदराला इचारून धरायचं व्हय?" हमाल वैतागायचे.

माझे वडील, आबा, फौजेतले सुभेदार. निवृत्तीनंतर ते एकेक गोष्ट विसरत चालले होते. संध्याकाळी फाटकात काठी आडवी धरून ते डॉक्टरांना अडवत. "थांब! कोन हाय?" डॉक्टर पिंजरा खाली ठेवून ताठ उभे राहत आणि पूर्ण नाव, हुद्दा, आत किती नर, सगळं सांगत. वर्षभर रोज.

"तुमच्या त्या पदार्थानं आबा बरे होतील?" मी एकदा विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पिंजऱ्यातले नर पुन्हा मोजले.

एकदा त्यांच्यासमोरच आबा मला म्हणाले, "ह्यो गडी रोज येतोय आन् रोज आपलंच नाव सांगतोय. डोस्क्यात कायतरी झालंय. दाखव रं कुठंतरी त्याला."

दुसऱ्या दिवशी काठीपाशी डॉक्टरांनी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, तीन नर सांगितले. मग म्हणाले, "आणि दाखवून आलो, सुभेदारसाहेब. वेळ लागेल म्हणाले."

आबांना कालचं काहीच आठवत नव्हतं. तरी त्यांनी काठी बाजूला केली.

"लागू दे," ते म्हणाले. "जपून ऱ्हा."