आडवी स्कूटर

सावेडीतल्या आमच्या मेकॅनिकची एक रीत आहे. ब्रेकचे पॅड बदलले की तो स्वतःची नवी स्कूटर गल्लीत आडवी लावतो आणि गिऱ्हाइकाची गाडी तिच्या रोखाने नेऊन ऐनवेळी थांबवतो.

परवा मी तिथे असताना एका पुढाऱ्याचा माणूस गाडी घेऊन आला. "मागचा एकाच बाजूचा पॅड बदल. साहेबांना सभेला जायचंय."

"दोन्ही बाजू बदलाव्या लागत्यात. न्हाईतर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडं वढंल."

"साहेबांना फोन लावू?"

"लावा की. स्कूटरच्या जागी त्यान्लाच उभं करू."

माणसाने फोन खिशात ठेवला. दोन्हीकडचे पॅड बदलले. गाडी सुसाट निघाली आणि स्कूटरच्या वीतभर अलीकडे ती थांबली. मी भर गल्लीत टाळ्या वाजवल्या.

मेकॅनिकने स्कूटर बाजूला घेतली, किल्ली दिली. "आता बसवा तुमच्या साहेबांना."