धोतर काळं झालं, तरी घर घेतलं

गेल्या रविवारी बल्लारपूरला नातीच्या घरी चहा पिऊन आले. घर नातीचं, चहा तिच्या भाडेकरणीच्या हातचा... साखर कमी होती, पण मी तोंड वाकडं केलं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या, अक्कल शिकवू नका.

नात म्हणजे शीतल, माझ्या पोराची पोरगी. चंद्रपूरला दवाखान्यात रक्त तपासते. दोन वर्षांपूर्वी पोंभुर्ण्याला घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, चाळिशीत नोकरी सोडणार. तोवर दोन-तीन लहान घरं घ्यायची, भाड्यानं द्यायची आणि त्या भाड्यावर जगायचं... मोबाइलमध्ये पाहून शिकली म्हणे.

तिच्या बापाचं म्हणणं, साठवलेल्या पैशाचं सोनं कर, लग्नात कामी येईल. मी म्हटलं, सोनं पेटीत झोपून राहते, कमावत नाही. घर पाहू तर खरं.

घर निघालं बल्लारपूरला, कोळशाच्या सायडिंगपासून, म्हणजे मालगाडीत कोळसा भरतात तिथून, हाकेच्या अंतरावर. दोन बिऱ्हाडं राहतील अशा चार खोल्या, वर टिन, मागं हापसी. मालक स्वस्तात देत होता... कोणी स्वस्तात काऊन देते, हे समजायला चौथीही लागत नाही.

आमच्याकडे कोळशाच्या पट्ट्यात पोरगी द्यायची असली तर बाया नवरदेव नंतर पाहतात. आधी त्याच्या घरची वलणी पाहतात, म्हणजे कपडे वाळवायची दोरी. दोरीवरचा पांढरा कपडा पांढरा दिसला, तरच पुढचं बोलणं.

मी आमच्या म्हाताऱ्याचं जुनं धोतर पिशवीत घालून नेलं होतं. तो गेला, धोतरं राहिली. हापसीवर ओलं केलं, अंगणातल्या दोरीवर टाकलं आणि दिवसभर निंबाखाली बसले. संध्याकाळी काढलं तर धोतर कसलं... तवा पुसायचं फडकं.

"इथी कोणी बाई संसार मांडणार नाई," मी म्हटलं. "पैसे अडकवू नको."

शीतल धोतराकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आजी, तू हे घर तुह्यासाठी पाहून राह्यली. मले थोडीच राह्यचं आहे इथी?"

मला राग आला. पण पोरीनं नुसतं मोबाइलमध्ये डोकं घातलं नव्हतं. चार रविवार सायडिंगजवळच्या चहाच्या टपरीवर, पाळी सुटायच्या वेळी, ड्रायव्हर लोकांना विचारत बसली होती की राहता कुठं. कोणी जिवतीकडचा, कोणी आणखी लांबचा. एकेका खोलीत पाच-पाच जण, बायका गावाला. जवळ घर सगळ्यांना पाहिजे, पण या धुळीत बायको येत नाही...

म्हणजे बाई टिकली तर भाडेकरू टिकला. हे तिचं गणित.

घेतलं तिनं घर. थोडे तिचे पैसे, बाकी बँकेचं कर्ज. बापानं बोलणं टाकलं.

मग मागची पडवी चारही बाजूंनी बंद केली, वर उजेड येईल असा पांढरा पत्रा टाकला आणि दोऱ्या आत बांधल्या. कुलरची खिडकी सायडिंगच्या उलट्या बाजूला काढली. मिस्त्री हसला, कपड्यांसाठी खोली बांधते म्हणून. खोटं कशाला सांगू, मीपण हसले.

त्यानंतर तीन महिने घर रिकामं. हप्ता पगारातून जात होता आणि शीतलनं गावाला येणं कमी केलं. माझा पोरगा रोज ताटावर बसला की सुरू... सांगितलं होतं, सोनं घे.

एक दिवस मी म्हटलं, "तुनं आतापर्यंत एक कोंबडी नाई पाळली. तिनं घर पाळलं. गुमान जेव."

त्याला गप्प केलं, पण माझ्या मनातही तेच होतं. पोरीचे पाच वर्षांचे पैसे धुळीत गेले.

दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत, कोणीतरी घर पाहायला येणार होतं. शीतलला ड्युटी, म्हणून किल्ली घेऊन मी गेले. एका डंपर ड्रायव्हरची बायको आली, जिवतीकडची. तिनं ना चूल कुठं मांडायची ते पाहिलं, ना भाडं विचारलं. पिशवीतून पांढरा टॉवेल काढला, हापसीवर ओला केला, पडवीतल्या दोरीवर टाकला आणि दार ओढून घेतलं.

मग माझ्याजवळ निंबाखाली येऊन बसली. कशासाठी, हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. धान, पाऊस, तिचं माहेर... सगळं बोललो. माझ्या धोतराबद्दल मात्र मी चकार शब्द काढला नाही. डोळा सारखा त्या दाराकडे जात होता.

संध्याकाळी तिनं टॉवेल काढला. उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"बाई, भाडं किती आहे जी?"

मी शीतलला फोन लावला, म्हटलं, टॉवेल पांढरा निघाला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. म्हटलं, सर्दी झाली असेल, काढा घे.

दुसऱ्या बिऱ्हाडासाठी माणूस शोधावा लागला नाही, त्या बाईनंच आपली नणंद आणली. तिच्या नवऱ्याचं कामही तिथंच. आता आमचा पोरगा पानठेल्यावर उभा राहून सांगतो, "आमच्या शीतलचं बल्लारपूरचं घर." मी ऐकते... आणि मोठ्यानं खोकलते.

घर आपल्याला आवडून चालत नाही, राहणाऱ्याला पुरलं पाहिजे. पंचाहत्तरीत हे मला नातीनं शिकवलं. अभिमान वाटतो, पण तिला सांगितला तर डोक्यावर बसेल, म्हणून इथं लिहून ठेवते.

रविवारी चहा झाल्यावर शीतल म्हणाली, दुसरं एक घर पाहायला जायचं आहे. म्हटलं, जा, आता माझं काय काम?

"तू लागते न आजी. अन् धोतर आणजो."

ते जुनं तीनदा धुतलं, काही पांढरं झालं नाही. म्हाताऱ्याचं आणखी एक पेटीत होतं... काल उन्हात टाकलं.