सोनकांबळे सरांच्या धुऱ्यावरचा खुळखुळा

सोनकांबळे सरांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. शाळेतल्या त्यांच्या कामाविषयी या गौरवग्रंथात त्यांचे सहकारी लिहितीलच. मी लिहिणार आहे त्यांच्या शेताच्या बांधाविषयी, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत धुऱ्याविषयी, कारण तो मी एकदा पार बोडका केला होता.

कृषी सहायक म्हणून मुखेडला माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा सर निवृत्त होऊन मुरमाड उतारावर शेती करत होते. पहिल्याच भेटीत त्यांनी धुऱ्यावरचं पिवळ्या फुलांचं एक रोप उपटलं, मुळावरची गाठ नखानं फोडली आणि आतला गुलाबी रंग दाखवला. हा खुळखुळा. जमिनीला नत्र देणारा, धुऱ्याची माती धरून ठेवणारा, भुंग्यांना आणि फुलपाखरांना पोसणारा. दाणे विषारी, जनावरांना खाऊ द्यायचे नाहीत, हेही त्यांनी लगेच सांगितलं. कौतुक करताना उणी बाजू झाकायची नाही, हा त्यांचा स्वभावच आहे.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. आसपासचा खुळखुळा वाळून गेला, उरला तो सरांच्या धुऱ्यावर. त्याचं बी त्यांनी शेजारच्या शेतकऱ्यांना कबूल केलं होतं. मला हे ठाऊक नव्हतं. सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला गेले आणि इकडे माझे वरिष्ठ त्यांचं शेत पाहायला येणार असं कळलं. आमच्या भागात धुरा लख्ख असेल तरच शेतकरी कामाचा. मी दोन बायका लावून सगळा धुरा विळ्यानं कापून घेतला, वर स्वतःवर खूशही झाले.

सर काळा चष्मा लावून परतले आणि कापलेला ढीग पाहून त्यांनी शेजाऱ्यांना कबूल केलेल्या बियांचं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागायच्या आत तेच म्हणाले, "माय, धुरा साफ ठेवा, हे मीच लेकरायला तीस वर्षं शिकवलंय. चूक माझी हाय."

मग ते ढिगाशी बसले. एकेक शेंग कानाशी हलवायची, वाजली तर बी पिकलेलं. खालच्या शेंगा आधी पिकतात, तेवढीच आशा. दुपारभर आम्ही दोघं शेंगा वाजवत बसलो आणि ओंजळभर बी निघालं. ते सगळं त्यांनी माझ्या रुमालात बांधलं.

"आता तुमच्या हातानं पेरा," म्हणाले.

माझ्या वरिष्ठांकडे त्यांनी याचा चकार शब्द काढला नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते बी मी सरांनी कबूल केलेल्या शेतकऱ्यांच्या धुऱ्यांवर टाकलं, बदली झाल्यावर उमरीलाही नेलं. सगळं उगवलं नाही. उगवलेलं दोघा शेतकऱ्यांनी साफ करून टाकलं. त्यांच्यावर रागवायचा हक्क मला नाही.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. माझी चूक पुरती निस्तरेपर्यंत त्यांनी बी घेऊन शेताशेतांतून फिरत राहावं. अजून पुष्कळ धुरे लख्ख आहेत.